बारक्या पास झाला

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला, पडद्याआड, ती काचा घासायची. पुढे काउंटरवर मालक गिऱ्हाइकांशी गोडगोड बोलायचा आणि मागे ही फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार सोडून काचेची कड फ्रेमच्या मापाला आणत बसायची. अख्खा बाजार तिला चष्मेवाली म्हणायचा. तिला स्वतःला चष्मा नव्हता. कुणी त्यावरून चिडवलं तर म्हणायची, "माझे डोळे फुकटात मिळालेत, तोवर वापरून घेते."

तिला एक भाऊ होता, तिच्यापेक्षा लहान. जन्मला तेव्हा काडीसारखा होता म्हणून त्याला बारक्या नाव पडलं. पुढे तो दारातून वाकून आत यावं लागेल इतका उंच झाला, खांदे रुंदावले, लग्न झालं, मुलगी झाली, तरी घरीदारी बारक्याच राहिला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटात, तारांना आणि ग्रीसला अंग घासत त्याचा दिवस जायचा. शाळेत ताई पहिल्या पाचांत आणि बारक्या एकाच वर्गात दोनदा. बहिणीचं प्रगतिपुस्तक आलं की तो म्हणायचा, "आई, दोघांचे मार्क मिळवून दोनाने भाग, म्हणजे घराची लाज राहील."

दुखणं घरात आलं ते आईच्या पोटातून. अक्षरशः. आईचं पोट फुगत गेलं, हातपाय वाळत गेले, डोळे पिवळे झाले. मोठ्या इस्पितळात सांगितलं की लिव्हर गेलंय, आणि हे आजचं नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू कित्येक वर्षांपासून रक्तात मुक्काम ठोकून बसलाय. तपासणाऱ्या डॉक्टरने आईच्या खाटेपाशी उभं राहूनच पुढचं सांगितलं, "हा बहुतेक वेळा बाळंतपणात आईकडून मुलाला जातो. तुम्हा दोघांचंही रक्त तपासून घ्या."

आईने ते ऐकलं. दोघांचे रिपोर्ट आले तेव्हा भावाबहिणीने जिन्यातच ठरवलं की तिला सांगायचं, काही निघालं नाही. चष्मेवालीने तोंड अगदी सरळ ठेवून सांगितलं. पण बारक्याला खोटं बोलणं कधी जमलंच नव्हतं. आईने त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि कुशीवर होऊन भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती त्यांच्याशी पाणी द्या, उशी सरकवा, एवढंच बोलली. लवकरच गेली.

पुढची काही वर्षं दोघं नुसती तपासणीला जात राहिली. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, पण रोग आहे हे लोकांना कळलं की कळलं. दुकानात मालकाने तिच्यासाठी पाण्याचा वेगळा ग्लास आणून ठेवला आणि वर म्हणाला, "तुझ्याच सोयीसाठी." ग्लासने हा रोग पसरत नाही हे तिने त्याला दोनदा सांगितलं, मग सांगणं सोडून दिलं. एका माणसाशी तिचं लग्न ठरत आलं होतं. तिने त्याला आपण होऊन सगळं सांगून टाकलं. लस घेतली की नवऱ्याला काही धोका नाही, हेही सांगितलं. तो म्हणाला, विचार करून सांगतो. "अजून विचारच करतोय बिचारा," असं ती नंतर हसून सांगायची. बारक्याच्या बायकोने मात्र मुकाट्याने लस टोचून घेतली होती, मुलीला तर जन्मतःच दिली होती. त्या दोघी सुटल्या होत्या.

मग एका तपासणीत दोघांचेही आकडे बिघडले आणि उपचार सुरू करायचे ठरले. लिव्हरची डॉक्टर नवी आली होती. चाळिशीची बाई, केस आखूड, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची आणि नको ती आशा लावायची नाही. भाऊबहीण शेजारी शेजारी बसले. डॉक्टरने दोन वाटा सांगितल्या.

"एक आहे गोळी. रोज एक. ती विषाणूला दाबून ठेवते, पण बहुधा जन्मभर घ्यावी लागते. दुसरं आहे इंजेक्शन. आठवड्याला एक, साधारण वर्षभर. त्रास खूप होतो. पण ज्यांना लागू पडतं त्यांचं शरीर विषाणूला स्वतःच आवरायला लागतं. मग औषध बंद."

"आणि ज्यांना लागू पडत नाही?" बहिणीने विचारलं.

"त्यांच्या वाट्याला नुसता त्रास."

"आम्हाला पडेल का?"

डॉक्टरने दोघांचे कागद शेजारी शेजारी मांडले. "बाई, तुमचं चित्र बरं आहे. बायकांना हे जरा जास्त मानवतं. लिव्हरची सूज दाखवणारा तुमचा आकडा चढलाय, म्हणजे शरीर झुंजतंय. विषाणू त्या मानाने कमी आहे. तुमच्यासारख्या दहाजणींत चौघींना तरी फरक पडतो."

"आणि माझ्यासारख्या दहांत?" बारक्याने विचारलं.

"एखाद्याला."

बारक्या मोठ्याने हसला. "म्हणजे शाळेचंच पुढे चालू आहे, ताई."

डॉक्टर हसली नाही. "हा अंदाज आहे. पुष्कळ लोकांवरून बांधलेला. तुम्ही दोघं म्हणजे पुष्कळ लोक नाही. म्हणून तीन महिन्यांनी रक्तातल्या विषाणूच्या वरच्या कवचाचं प्रमाण मोजू. ते उतरायला लागलं तर पुढे जायचं. हललंच नाही तर थांबायचं, उगाच जिवाला छळायचं नाही. आणि तुम्हाला आणखी एक सांगते," ती बारक्याकडे वळली, "तुमचं लिव्हर आतून बरंच खराब झालंय, व्रण पडलेत. औषध लागू पडो न पडो, तुमची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी झालीच पाहिजे."

"करू की," बारक्या म्हणाला.

दोघांनी इंजेक्शन घ्यायचं ठरवलं. त्याचं कारण असं की बारक्याला जन्मभर गोळी घेणं म्हणजे जन्मभर आजारी असणं वाटत होतं, आणि बहिणीला दहांतल्या चौघींत आपण असूच अशी मनातून खात्री होती. ती आजवर कुठल्याच परीक्षेत मागे राहिली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी दुकान सुटलं की बारक्या तिच्या खोलीवर यायचा. एकच खोली, कोपऱ्यात मोरी, खिडकीखाली छोटा फ्रिज. इंजेक्शनं त्या फ्रिजमध्ये असायची. ती आधी स्वतःच्या पोटाला टोचून घ्यायची, मग त्याला. लिफ्टच्या शंभर फूट खोल बोगद्यात तारेला धरून लोंबकळणारा हा गडी सुई पाहिली की डोळे गच्च मिटून घ्यायचा.

"झालं का?"

"अजून कापूस पण लावला नाही रे."

"मग लवकर लाव ना. माझा जीव चाललाय."

टोचून झालं की दोघांना थंडी वाजून ताप भरायचा. हाडं मोडून आल्यासारखं अंग दुखायचं. ती दोन घोंगड्या काढायची आणि दोघं भिंतीला पाठ लावून दात वाजवत बसायची. रविवार तसाच जायचा, सोमवारी पुन्हा कामावर. तिच्या कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. हातातून काचा निसटून फुटायला लागल्या. मालक फुटलेल्या काचा एका डब्यात साठवून ठेवायला लागला, तिला दिसेल अशा जागी. बारक्याचं डोकं सारखं तापलेलं असायचं. बायकोवर ओरडायचा, पोरीवर ओरडायचा, आणि मग लिफ्टच्या खड्ड्यात उतरून, वर कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने रडायचा. हे त्याने बहिणीला घोंगडीखालून सांगितलं. ती म्हणाली, "मी चाकाचा आवाज मोठा करून रडते. आपल्या घराण्याची रीतच झाली म्हणायची." मग दोघं हसली, आणि हसताना बरगड्या दुखल्या म्हणून पुन्हा कण्हली.

त्यांच्या उभ्या आयुष्यात ती दोघं इतकी जवळ कधी आली नव्हती.

तीन महिन्यांनी डॉक्टरने दोघांना एकत्रच आत बोलावलं. कागद तिच्यासमोर होते. ती बहिणीकडे बघून म्हणाली, "तुमचा आकडा हललेला नाही."

"म्हणजे थोडाही नाही?"

"नाही. आणि तुमचा," ती बारक्याला म्हणाली, "धाडकन खाली आलाय. इतका उतार मी फार थोड्यांत पाहिलाय."

बारक्याला आनंद झाला की नाही ते कळलं नाही. तो पहिल्यांदा म्हणाला, "बाटल्या बदलल्या असतील. ताईचं रक्त माझ्या नावावर लागलं असेल."

डॉक्टरने पुन्हा रक्त घेतलं. दुसऱ्या खेपेलाही तेच आलं.

"माझा अंदाज चुकला," डॉक्टर बहिणीला म्हणाली. "तुमचं इंजेक्शन थांबवायचं. आता पुढे काही होण्याची शक्यता जवळजवळ नाही. गोळी सुरू करू. गोळी तुम्हाला सांभाळेल."

"जन्मभर."

"बहुधा."

खाली उतरताना जिन्यात बारक्या थांबला. "मीही बंद करतो. घेतली तर दोघांनी, नाहीतर नको."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"मूर्खच आहे मी. तूच सांगायचीस ना आईला."

"बारक्या," ती कठड्याला धरून म्हणाली, "शनिवारी वेळेवर ये."

आणि तो आला. उरलेले सगळे महिने तो येत राहिला, कारण दुसऱ्या कुणाकडून तो टोचून घ्यायला तयार नव्हता. तीच फ्रिजमधून इंजेक्शन काढायची, तीच कापूस लावायची. तिला आता ताप येत नव्हता. तो एकटा घोंगडीत कुडकुडत बसायचा आणि ती समोर बसून बघायची. आपला ताप गेला याचं तिला वाईट वाटायचं. कधी कधी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरताना तिच्या मनात यायचं, ह्याने कधी पुस्तक उघडलं नाही, वेळेवर जेवला नाही, आणि ह्यालाच का? मग तिला स्वतःची इतकी किळस यायची की ती त्या दिवशी त्याला जरा जास्तच जपायची. त्याला दोन उशा द्यायची, पाणी कोमट करून द्यायची.

वर्ष संपलं. आणखी काही महिने गेले. एका सकाळी, बारक्याची बायकोही सोबत असताना, डॉक्टरने सांगितलं की बारक्याच्या रक्तात विषाणूची खूणही उरली नाही, उलट त्याला अडवणारी प्रतिकारशक्ती तयार झाली आहे. बारक्याने विचारलं, "म्हणजे मी पास?"

"पास," डॉक्टर म्हणाली, आणि तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "पहिल्या नंबराने पास. सोनोग्राफीची तारीख बाहेर लिहून घ्या."

त्याने कामावरच्या लोकांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, बायकोला आणि मुलीला घेऊन बाहेर जेवायला गेला आणि ताईला ओढून नेलं. पाण्याचा ग्लास उंच धरून सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा हिच्यापुढे गेलो!" मग एकदम त्याच्या लक्षात आलं. ग्लास खाली ठेवून तो पुटपुटला, "तसं नाही ताई."

"कसंही असू दे. जेव," ती म्हणाली. खरंच हसत म्हणाली. घरी आल्यावर तिने मोरीत घासून ठेवलेली भांडी पुन्हा एकदा घासली, आणि गोळी घेऊन झोपली.

पहिली एक-दोन वर्षं बारक्या सोनोग्राफीला आला. मग एक तारीख कामामुळे चुकली, दुसरी मुलीच्या परीक्षेमुळे. मग तारखा चुकण्यालाही कारण लागेना. चष्मेवाली मात्र न चुकता जायची. तिच्या गोळीने विषाणू दबला होता, गेला नव्हता. डॉक्टर दर वेळी विचारायची, "भाऊ येत नाहीत?"

"सांगते त्याला."

ती सांगायची. तो म्हणायचा, "येतो ना." एकदा ती त्याच्या घरी जाऊन बसली. त्याची बायको आत पोळीभाजीचं बघत होती, मुलगी टेबलावर अभ्यास करत होती.

"उद्या माझ्याबरोबर चल. मी रजा टाकली आहे."

"कशाला? रक्त स्वच्छ आहे माझं. आता तिथे कुणाला भेटायला जाऊ?"

"डॉक्टर काय म्हणाल्या होत्या ते विसरलास? व्रण आहेत आत."

"होते. आता मी दोन-दोन मजले लिफ्टची मोटार खांद्यावर घेऊन चढतो."

"खांद्याचं नाही विचारत मी. लिव्हरचं विचारतेय. आईचं पोट आठव एकदा."

आईचं नाव निघालं आणि तो उभाच राहिला. "किती दिवस हेच उगाळत बसणार आहेस? मी बरा झालो, ताई! बरा! तुला माझं बरं झालेलं बघवत नाही का?"

मुलीने मान वर करून पाहिलं. आतला भांड्यांचा आवाज थांबला. चष्मेवालीने पिशवी उचलली. ती रागाने गेली असती तर बरं झालं असतं. ती गेली ती लाजेने, कारण त्या घोंगडीच्या दिवसांत तिच्या मनात येऊन गेलेलं त्याने बरोबर तिच्या तोंडावर फेकलं होतं, त्याला काही ठाऊक नसताना.

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. ती दोघं भेटत राहिली, पण उन्हाळा यंदा जास्त आहे, मालकाने दुकानाला नवा रंग दिला, असलं बोलायला लागली. डॉक्टरने विचारलं की ती म्हणायची, "नाही ऐकत." डॉक्टरने इस्पितळातून फोनही करून पाहिला. त्याने नंबर ओळखून उचललाच नाही.

अशी काही वर्षं गेली. मग एका दुपारी भावजय दुकानात आली आणि पडदा बाजूला सारून आत शिरली. चाक चालू होतं. ती काही तरी बोलली ते ऐकू आलं नाही. चष्मेवालीने चाक बंद केलं.

"वन्सं, तुम्ही एकदा चला. ह्यांचा उजवा खांदा दुखतोय म्हणतात, महिना झाला. तेल लावलं, शेकलं, मलमं झाली. आता जेवत नाहीत. पँट कमरेवर राहत नाही. माझं ऐकत नाहीत."

"मी सांगून काय ऐकणार आहे?"

"ऐकतील." भावजयीने खाली बघितलं. "काल स्वतःच म्हणाले, ताईला बोलाव."

तो खाटेवर बसला होता. गाल आत गेलेले, डोळे मोठे झालेले. लहानपणीचा बारक्या, फक्त लांबीला जास्त. शर्ट चढवताना त्याला उजवा हात वर नेता येईना. तिने बाही धरली.

सोनोग्राफी करणारा तरुण आधी गप्पा मारत होता. मग तो पुन्हापुन्हा एकाच जागी यंत्र फिरवायला लागला. लिव्हरच्या उजव्या भागात मोठी गाठ होती. आजूबाजूला लहान लहान बऱ्याच. दुखत खांदा नव्हताच. आतली गाठ वर ढकलत होती आणि दुखणं खांद्याच्या नावाने ओरडत होतं.

डॉक्टरच्या खोलीत या वेळी तिघं बसली. डॉक्टरने सांगायचं ते सरळ सांगितलं. कापून काढण्यासारखं राहिलं नाही, दुसरं लिव्हर बसवण्याची वेळ गेली, त्रास कमी करता येईल.

बारक्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "विषाणू परत आला का?"

"नाही. आजही रक्त स्वच्छ आहे."

"मग हे कुठून आलं?"

"तो जायच्या आधी जे करून गेला होता, त्यातून. तुमचं वय, घराण्यातला आजार, ते व्रण... म्हणून तर तपासणी सांगितली होती."

भावजय एकदम बोलायला लागली. "तुम्हीच म्हणाला होतात, पास झाले म्हणून! माझ्या कानांनी ऐकलंय मी. पहिल्या नंबराने पास! आम्ही अडाणी माणसं, पास झाल्यावर पुन्हा परीक्षा असते हे आम्हाला काय माहीत? आणि तुम्ही," ती नणंदेकडे वळली, "तुम्ही दर खेपेला इथे येत होतात. तुम्हाला सगळं कळत होतं. एकदा बोललात आणि गप्प बसलात! ओढत का नाही आणलंत? सख्खी बहीण ना तुम्ही?"

चष्मेवालीला सांगता आलं असतं. त्या दिवशी भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे हिनेही सगळं ऐकलं होतं. पण तिने टेबलावरचे रिपोर्ट गोळा करून पिशवीत घातले.

डॉक्टरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "औषध लागू पडेल की नाही, एवढाच अंदाज मी करत होते," ती हळू म्हणाली. "तुमच्या बाबतीत तो चुकला, तुम्हाला लागू पडलं, म्हणून मलाही आनंद झाला. पण तो शब्द मी वापरायला नको होता."

"मीच विचारला होता तो शब्द," बारक्या म्हणाला. "राहू द्या आता."

पुढे सगळं लवकर लवकर झालं. पोट फुगलं, नळी घालून पाणी काढलं, पुन्हा फुगलं. चष्मेवालीने ते सगळं एकदा पाहिलेलं होतं. आता काय होणार हे नर्सच्या आधी तिला कळायचं, आणि ते कळणं फार वाईट होतं. भावजय सकाळी बसायची, ही दुपारी दुकानातून यायची. दोघींची दारात गाठ पडायची, पण एकमेकींशी त्या औषधांपुरतंच बोलायच्या.

एका दुपारी तो जरा हुशारीत होता. म्हणाला, "ताई, एक सांगू? मला वाटतं मी काम होतं म्हणून टाळत नव्हतो."

"आता नको ते."

"ऐक तर. आपण ज्या बाकावर बसायचो ना बाहेर, तिथे तुझ्या शेजारी बसायची मला लाज वाटायची. तू पिशवीतून रिपोर्ट काढायचीस, तुझा आकडा काय आला ते बघायचीस, आणि मी आपला मोकळा, पेपर वाचत. तुझं चोरून घेतल्यासारखं वाटायचं. तुझ्या वाटणीचं मला मिळालं, असं."

"गाढव आहेस."

"ते तर आहेच."

"माझ्या वाटणीचं काही नव्हतं त्यात. चोरायला काय होतं?" तिने त्याच्या पायावरची चादर नीट केली. "आणि मला वाटायचं, ह्यालाच का? तुला टोचताना. पुष्कळदा वाटायचं."

बारक्याच्या ओठांच्या कडा हलल्या. "म्हणूनच इतकं दुखायचं होय."

ती हसली. हसता हसता तिला उठून बाहेर जावं लागलं.

तो गेला त्या वेळी वॉर्डात फरशी पुसणं चाललं होतं. पुसणारी बाई खाटेखाली फडकं सारत म्हणाली, "पाय वर घ्या," आणि स्टुलावर बसलेल्या बहिणीने पाय वर घेतले. पाय खाली ठेवले तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता. फरशी अजून ओली होती. भावजयीला बोलवायला तिने फोन लावला, तर पहिल्या घंटीलाच तिकडून रडणं ऐकू आलं. काही सांगावंच लागलं नाही.

त्यानंतर भावजयीने तिच्याशी बोलणं टाकलं. भाची अधूनमधून आत्याच्या खोलीवर यायची, आईने पाठवलंय असं खोटंच सांगायची. बापासारखीच तिलाही खोटं बोलता येत नव्हतं. चष्मेवाली तिला खाऊपिऊ घालायची आणि आईची खुशाली विचारायची नाही.

दुकानात काम नेहमीसारखं चालू होतं. मालकाने न विचारता चार दिवस रजा दिली, आणि ती परत आली तेव्हा तिचा वेगळा ग्लास काढून टाकलेला होता. ते कशामुळे, तिने विचारलं नाही. बारक्याच्या बाबतीत झालं त्याची भरपाई कशानेच होणार नव्हती, मग ग्लास एक असला काय नि दोन असले काय.

गोळीचा तिला राग यायला लागला होता. रोज रात्री ती जिभेवर ठेवताना वाटायचं, ज्याला लागू पडलं तो गेला आणि जिला नाही ती इथे उभी राहून पाणी पितेय. एकदा तिने दोन दिवस गोळी घेतलीच नाही. तिसऱ्या दिवशी घाबरून पुन्हा घेतली. जगायची इच्छा होती म्हणून घेतली असं ती म्हणत नाही. तसं पोट फुगून मरायचं नव्हतं, एवढंच म्हणते.

तपासणीची तारीख आली. ती रांगेतल्या बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळाने कुणीतरी शेजारी येऊन टेकलं. भावजय होती. मांडीवर डब्याची पिशवी.

"पोरीने तारीख सांगितली," ती समोर बघत म्हणाली.

"तुला कामं असतील."

"आहेतच. तुमचं झालं की जाते."

सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाली, गोळी चालू ठेवा, सहा महिन्यांनी या. बाहेर येऊन चष्मेवालीने ते तसंच सांगितलं. भावजयीने मान हलवली, डोळे पुसले, आणि डबा उघडला. दोघी एका डब्यातून जेवू लागल्या. पुढल्या खेपेलाही ती आली, त्याच्या पुढल्याही. त्या दिवशीचं बोलणं तिने परत घेतलं नाही. कधी घेणारही नाही. चष्मेवालीनेही त्याची वाट बघितली नाही.

अशाच एका खेपेला बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक मध्यमवयीन माणूस बसला होता. चांगला इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर तकाकी. फोनवर कुणाला तरी आनंदाने सांगत होता, "हो हो, सगळं गेलं! बाई म्हणाल्या, औषध बंद. आता इथलं तोंड बघायचं नाही."

भावजयीने घास खाली ठेवला. तो फोन ठेवतो न ठेवतो तोच ती म्हणाली, "सोनोग्राफीची तारीख घेतली का?"

"काय?"

"तारीख. सोनोग्राफीची."

"मी बरा झालोय, बाई," तो हसून म्हणाला.

"ते ऐकलं. तारीख घेतली का, ते विचारतेय."

"घेईन की. तुम्हाला काय करायचंय?"

"आत जा आणि विचारा, मला लागते का ती तपासणी. आत्ता विचारा. मी इथे बसते तुमची पिशवी धरून."

"वन्सं" म्हणून तिने नणंदेचं मनगट गच्च धरलं, जणू उठून त्याला ओढतच नेणार होती. चष्मेवाली त्या माणसाकडे वळून म्हणाली, "ती सांगते तसं करा. पाच मिनिटांचं काम आहे."

तो माणूस दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद जरासा मळला. "काय माणसं असतात," असं स्वतःशीच म्हणत त्याने पिशवी उचलली, आणि लांबच्या बाकावर जाऊन बसला. भावजय त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"नाही जाणार तो," ती म्हणाली.

"जाईल कदाचित."

"नाही जाणार." तिने डब्याचं झाकण लावलं, आणि पदराने हात पुसून ती उठली. "थांबा. मी डॉक्टरबाईंनाच सांगून येते."